एसपीएसएस, आर आणि कोल्हापूरच्या मुली

स्टॅटिस्टिक्स म्हटलं की आपल्याला मॅथ्सचा पेपर आठवतो. फॉर्म्युला पाठ करायचा, कॅल्क्युलेटर बडवायचा, मार्क पदरात पाडून घ्यायचे आणि सबमिशनच्या मागे लागायचं! पण हेच गणित एखाद्या गावाला उगाच बदनाम करू शकतं किंवा त्या बदनामीतून वाचवूही शकतं. म्हणून हा लेखप्रपंच.

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घेऊ. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे फक्त ८३९ मुली होत्या. तेव्हा महाराष्ट्राचा आकडा ९१३ होता. निसर्गाच्या हिशेबाने साधारण १०५ मुलग्यांमागे १०० मुली जन्मतात, म्हणजे हजारामागे ९५२. राजर्षी शाहूंच्या जिल्ह्यात, ऊस आणि दुधाचा पैसा खेळत असताना हे असं का, यावर पुष्कळ लिहून झालंय. मला इथे एवढंच बघायचंय, की असा डेटा हातात आला तर सॉफ्टवेअरकडून काय करून घ्यायचं आणि काय त्याच्यावर सोडायचं नाही.

सॉफ्टवेअर तशी बरीच आहेत. एसपीएसएस १९६८ साली सोशल सायन्सवाल्यांसाठीच निघालं. आता ते आयबीएमचं आहे आणि आपल्या खिशाला परवडणारं नाही. आर मात्र फुकट. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड युनिव्हर्सिटीत रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ते सुरू केलं. अमेरिकेच्या सीडीसीचं एपी इन्फोही फुकट होतं, साथीच्या रोगांचा तपास करणारे ते वापरत आले. आणि काहीच नसेल तर एक्सेल आहेच की!

आता एनएसएसच्या कॅम्पात होतो तसा सर्व्हे समजा. मुलगा म्हणजे १, मुलगी म्हणजे २ असं कोडिंग करून आपण एंट्री केली. सॉफ्टवेअरला सरासरी काढ म्हटलं तर ते निमूटपणे लिंगाची सरासरी १.४ काढून देईल! त्याला लाज नाही. म्हणून एसपीएसएसमध्ये व्हेरिएबल व्ह्यू नावाचं पान असतं. १ आणि २ ही फक्त नावं आहेत, मोजमाप नाही, हे तिथे सांगायचं. आईचं वय माहीत नाही म्हणून कुणी ९९ टाकलं असेल, तर ते ‘मिसिंग’ आहे हेही तिथेच सांगायचं. नाहीतर गावात नव्व्याण्णव वर्षांच्या बाळंतिणी सापडतात. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण निम्मं अ‍ॅनालिसिस इथेच होतं असं माझं मत आहे.

पुढचा भाग महत्त्वाचा. समजा त्या गावात वर्षभरात ४० बाळं जन्मली, १६ मुली आणि २४ मुलगे. प्रमाण आलं ६६७! पेपरात हेडलाइन तयार. पण थांबा. मुलगी होण्याची नैसर्गिक शक्यता ०.४८८ धरली, तर ४० मध्ये साडेएकोणीस मुली अपेक्षित आहेत, आणि प्रमाण विचलन येतं ३.१६. स्टँडर्ड डेव्हिएशनला मराठीत असं म्हणतात, हे मला, कॉन्व्हेंटवालीला, रूममेटने शिकवलं. म्हणजे आपण अपेक्षेपेक्षा जेमतेम एक विचलन खाली आहोत. आरमधली बायनॉमियल टेस्ट किंवा एक्सेलचं बायनॉमडिस्ट फंक्शन सांगतं, की कुणी काहीही गैर केलं नसताना १६ किंवा त्याहून कमी मुली जन्मण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आहे. अशा दर सहा गावांत एक गाव निव्वळ योगायोगाने असं दिसणार.

आता हीच रीत जिल्ह्याला लावा. एक लाख मुलं धरली तरी ९५२ च्या हिशेबाने ४८,७७० मुली हव्यात आणि विचलन फक्त १५८ चं. ८३९ च्या प्रमाणाने भरतात ४५,६२३. तब्बल वीस विचलनं खाली! इथे योगायोगाला जागाच उरत नाही. गावाचा ६६७ दिसायला भयंकर, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. जिल्ह्याचा ८३९ दिसायला सौम्य, आणि तोच खरा भयंकर.

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर ८६३ वर आलं, राज्य मात्र ८९४ वर घसरलं. याचं श्रेय पुष्कळ जण ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ला देतात. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात, २०१० च्या सुमारास, आपल्या जिल्ह्यात सोनोग्राफी मशिनला जोडलेलं ते यंत्र. इंजिनिअर म्हणून मलाही ते श्रेय द्यायला आवडलं असतं! पण २०११ मध्ये सहा वर्षांखाली असलेली बहुतेक मुलं यंत्र बसायच्या आधीच जन्मलेली होती. मग सगळी वाढ त्या यंत्राची कशी? २००३ साली गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक झाला, लोकांत ओरड झाली, अशी इतरही कारणं असणार. सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे टाकले तर ते फरक सांगतं, ‘कशामुळे’ हे नाही. त्यासाठी जन्मतारखा बघाव्या लागतात.

मग छोट्या गावाचं करायचं काय? पाच वर्षांचे जन्म एकत्र करायचे. २०० बाळांत ८० मुली, म्हणजे प्रमाण तेच ६६७ राहिलं, तर योगायोगाची शक्यता हजारात आठपर्यंत उतरते. आता संशयाला जागा आहे. तरीही नाव छापायची घाई नको, कारण जिल्ह्यात बाराशेच्या आसपास गावं आहेत. सगळी याच आकाराची धरली तर त्यातली नऊ-दहा गावं निव्वळ नशिबाने या यादीत येतील. ती कोणती, हे स्क्रीनवर दिसत नाही. तिथे आशाताईंना गाठून जन्मनोंदीचं रजिस्टर उघडावं लागतं. आधीची अपत्यं किती, त्यात मुली किती, हा कॉलम आपल्या सर्व्हेच्या फॉर्मवर पहिल्यापासून असेल तरच पुढचं अ‍ॅनालिसिस होतं.