पंधरा मिनिटांचा सिनेमा

वाचनाआधी: तुम्ही शेवटचा सिनेमा कुणाबरोबर पाहिलात? नंतर त्याबद्दल बोललात का? कोणत्या भाषेत?

‘पट’ म्हणजे कापड. कापडाच्या पडद्यावर दिसणारी चित्रं म्हणजे चित्रपट. बोलणारा तो बोलपट, न बोलणारा मूकपट, माहिती देणारा माहितीपट आणि छोटा असेल तो लघुपट. हे झाले पुस्तकातले शब्द. घरी मात्र आपण सरसकट ‘सिनेमा’ नाहीतर ‘पिक्चर’ म्हणतो. तुमच्या आजीला ‘आपण लघुपट पाहूया’ म्हणालात, तर ती आधी हसेल. ‘छोटा पिक्चर बघूया’ म्हणा.

छोटा पिक्चर ही काही नवी गोष्ट नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून परत आले. तिथे त्यांनी कॅमेरा घेतला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ हा मोठा चित्रपट काढायचं त्यांच्या मनात होतं, पण हातात पैसे नव्हते. आणि पैसे देऊ शकणाऱ्या लोकांना हा धंदा म्हणजे वेडेपणा वाटत होता. मग फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र सगळं मिनिटभरात घडलं: मातीतून कोंब आला, पानं फुटली, वेल वर चढली. या लघुपटाचं नाव ‘अंकुराची वाढ’. मोजक्या लोकांना बोलावून त्यांनी तो दाखवला आणि कर्ज मिळालं. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी सिडनीतही असंच काहीसं झालं. १९९३ साली जॉन पोल्सन या तरुण नटाने एक लघुपट केला होता. तो दाखवायचा कुठे? डार्लिंगहर्स्टमधल्या ‘ट्रॉपिकाना’ या कॅफेत! ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे मिळून सुमारे २०० लोक जमले. त्यातून ‘ट्रॉपफेस्ट’ हा महोत्सव उभा राहिला. पुढे सिडनीच्या डोमेनच्या हिरवळीवर हजारो लोक चादरी अंथरून लघुपट बघू लागले. त्याचे दोन नियम मला फार आवडतात. एक, लघुपट सात मिनिटांपेक्षा मोठा नको. दोन, ठरवून दिलेली एक वस्तू त्यात दिसलीच पाहिजे. २००५ साली ती वस्तू छत्री होती, तर २०११ साली किल्ली. जुना लघुपट कपाटातून काढून पाठवता येऊ नये, म्हणून ही युक्ती!

चांगले लघुपट शोधायचे कुठे? सिडनीकरांसाठी बाँडायचा ‘फ्लिकरफेस्ट’ आहे, मेलबर्नकरांसाठी ‘सेंट किल्डा फिल्म फेस्टिव्हल’. घरबसल्या ‘एसबीएस ऑन डिमांड’ चाळता येतं. फक्त वयाची खूण आधी बघून घ्या. आजीबरोबर बसलात आणि पडद्यावर भलतंच काही सुरू झालं, तर रिमोट नेमका त्याच वेळी सापडत नाही.

पण शोधण्यापेक्षा अवघड आहे ते दुसऱ्याला दाखवणं. नुसती लिंक पाठवली की बहुतेक वेळा ‘छान’ आणि एक अंगठा एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी आधी माणूस निवडा, मग त्याच्यासाठी लघुपट निवडा. आजीचं इंग्रजी कच्चं असेल, तर कमी बोलणं असलेला निवडा.

उदाहरणार्थ, शॉन टॅन आणि अँड्र्यू रूहमन यांचा ‘द लॉस्ट थिंग’. टॅन पर्थकडचे. त्यांनी आधी याच नावाचं चित्रांचं पुस्तक केलं, मग हा पंधरा मिनिटांचा लघुपट आला. २०११ साली त्याला ऑस्कर मिळालं. त्यात निवेदन इंग्रजीत आहे, पण थोडंच. ते तुम्ही मराठीत सांगू शकता.

समजा, नात सिडनीत आहे आणि आजी साताऱ्यात. जून-जुलैमध्ये सिडनीत दुपारचे चार वाजतात, तेव्हा साताऱ्यात साडेअकरा झालेले असतात. नातीची शाळा सुटलेली असते आणि आजीचा स्वयंपाक चालू असतो.

नात: आजी, पंधरा मिनिटं वेळ आहे?
आजी: आत्ताच कुकर लावलाय. तीन शिट्ट्या होईपर्यंत मोकळीच आहे. बोल.
नात: एक छोटा पिक्चर बघायचाय आपल्याला. एक मुलगा असतो. त्याला बीचवर एक मोठ्ठी लाल वस्तू सापडते. ती कुणाचीच नसते. हे बघ, दिसतंय?
आजी: अगंबाई! हा तर बंब!
नात: बंब म्हणजे?
आजी: अंघोळीचं पाणी तापवायचा. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. आमच्या वाड्यात होता ना, तांब्याचा. त्याला असे पाय मात्र नव्हते हो!
नात: मग तो आता कुठे आहे?
आजी: गीझर आला तेव्हा मोडीत दिला. तुझ्या पणजीला फार वाईट वाटलं होतं. दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

लघुपटात बंब कुठेच नाही. पण हरवलेल्या वस्तूची गोष्ट बघताना आजीला तिची हरवलेली वस्तू आठवली. पणजी रुसली होती, हे नातीला एरवी कुणी सांगितलं असतं?

नातीचं बोलणं पुन्हा वाचा. ती ‘मुलगा होता’ म्हणत नाही, ‘मुलगा असतो’ म्हणते. सिनेमाची गोष्ट सांगताना मराठीत आपण बहुधा असंच बोलतो: असतो, नसते, सापडते, निघून जातात. आणि तिने शेवट सांगितला नाही, हेही बघा.

आता उलट बाजू. आजीने तुम्हाला मराठी लघुपट सुचवला तर? नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ घ्या. दिग्दर्शनासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पावसावर निबंध लिहिलेला असतो. त्यात पाऊस नेहमी सुंदर असतो, मोर नाचतात, कागदाच्या होड्या सोडतात. या लघुपटातल्या डोंगराळ गावातल्या मुलालाही तोच निबंध लिहायचा आहे, पण बाहेर पाऊस झोडपतोय आणि त्याचं घर गळतंय.

असा लघुपट बघताना तुमचे डोळे आपोआप खालच्या इंग्रजी ओळींकडे जातील आणि कान झोपी जातील. म्हणून तो दोनदा बघा. दुसऱ्यांदा पडद्याच्या खालच्या भागावर कागदाची पट्टी चिकटवा. सगळं कळणार नाही. न कळलेले शब्द वहीत लिहा आणि घरच्यांना विचारा. त्यांनी लिहिलेला निबंध कसा होता, हेही विचारा.

शब्दार्थ
कोंब: बी रुजल्यावर मातीतून वर येणारं पहिलं टोक
निवेदन: गोष्ट सांगणाऱ्याचं बोलणं
मोडीत देणे: जुनं भांडं किंवा धातूची वस्तू वजनावर विकून टाकणे
झोडपणे: जोरजोरात मारणे (पाऊस झोडपतो: फार जोरात पडतो)

प्रश्न
१. फाळक्यांनी वाटाण्याचा लघुपट का केला?
२. ‘ट्रॉपफेस्ट’मध्ये ठरलेली वस्तू का दाखवावी लागते?
३. बंब मोडीत दिल्यावर पणजी का बोलली नसेल? तुमचा अंदाज लिहा.

करून पाहा
तुमच्या आवडीच्या लघुपटाची गोष्ट ‘असतो, असते, असतात’ वापरून सहा वाक्यांत सांगा. शेवट सांगू नका. मग तो घरातल्या एका मोठ्या माणसाबरोबर बघा आणि त्यांना काय आठवलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.