सही करण्याआधी

चि. मनूस,


ताई सांगत होती, की घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्सचा मसुदा समोर ठेवून तू ‘कुठे सही करायची सांगा, एकदाचं संपवा’ म्हणतेस. इतक्यात सही करू नकोस. आधी ‘द फर्स्ट वाइव्ह्ज क्लब’ बघ. १९९६ चा विनोदी सिनेमा आहे, न्यूयॉर्कमधल्या, नवऱ्यांनी सोडलेल्या तीन बायकांचा. आत्ता तुला हसणं नकोसं वाटत असेल, तरीही बघ.

त्याची सुरुवात एका मृत्यूने होते. सिंथियाचा नवरा तिला सोडून तरुण मुलीशी लग्न करतो आणि सिंथिया जीव देते. त्याआधी कॉलेजातल्या तीन मैत्रिणींना ती पत्रं टाकते. पत्रं पोहोचतात तेव्हा ती गेलेली असते. वर्षानुवर्षं एकमेकींची खबर न घेतलेल्या त्या तिघी तिच्या अंत्यविधीला भेटतात, आणि पुढची सगळी धमाल तिथून सुरू होते. मला त्या सिनेमातलं हेच सगळ्यात खरं वाटतं. सिंथियाला पैसा कमी नव्हता. तिचं बोलणं वेळेवर कुणाच्या कानावर पडलं नाही. तू महिनाभर कुणाचा फोन घेत नाहीस, याची मला मसुद्यापेक्षा जास्त काळजी वाटते.

आता तिघींकडे नीट बघ. ॲनीला नवरा परत येईल अशी आशा असते. एक रात्र तो येतोही, आणि मग घटस्फोटच मागतो. बरं, त्याचं प्रेमप्रकरण निघतं तिच्याच समुपदेशक बाईशी! एलिस सिनेनटी, जिच्या जोरावर नवरा निर्माता झाला, तिच्याकडेच तो पोटगी मागतो. आणि ब्रेंडा. नवऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या धंद्याच्या उभारणीत तिचे कष्ट आहेत, पण पैसा उधळला जातो नव्या मैत्रिणीवर. ब्रेंडाचं बघताना मला तूच दिसलीस. तुमच्या दुकानाची जीएसटीची रिटर्न्स कोण भरत होतं? माणसांचे पगार, व्यापाऱ्यांची उधारी कुणाच्या वहीत होती? मसुद्यात त्या कष्टांची एक ओळ तरी आहे का, ते बघ. नसेल तर वकिलांना विचार.

त्या बायका नवऱ्यांची गुपितं शोधून त्यांना कोंडीत पकडतात. ते पडद्यावर शोभतं. तू त्या वाटेला जाऊ नकोस. पण त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. नुसता सूड पुरत नाही हे कळल्यावर, नवऱ्यांकडून वसूल केलेल्या पैशातून त्या सिंथियाच्या नावाने अडचणीतल्या बायकांसाठी केंद्र उभं करतात. आपल्याकडे रागावलेल्या बाईला सगळे शांत व्हायला सांगतात, आणि शांत झालेली बाई दमून कागदावर सही करते. तू शांत होऊ नकोस. राग कागदपत्रं गोळा करण्यात घाल: बँकेची स्टेटमेंट्स, घराच्या हप्त्यांचे पुरावे, दागिन्यांच्या पावत्या. स्त्रीधन तुझंच आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट सांगितलं आहे. ते मागताना ओशाळायचं कारण नाही.

घाईचंही सांगते. परस्परसंमतीच्या घटस्फोटात अर्ज आणि दुसरी मोशन यांच्यामध्ये कायद्याने सहा महिने ठेवले आहेत. २०१७ च्या निकालाने ते योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, आणि समोरचे वकील तुला तोच निकाल दाखवतील. तुला वेळ हवा असेल तर ती मुदत माफ करून मागू नकोस.

आणखी एक. त्या तिघींचं काम करणाऱ्या नट्या, डायन कीटन, गोल्डी हॉन आणि बेट मिडलर, तिघीही पन्नाशीच्या होत्या तेव्हा हा सिनेमा आला, आणि जगभर धो धो चालला. तू छत्तीसची आहेस. ‘माझं आता काय उरलं’ हे वाक्य पुन्हा ताईसमोर काढू नकोस. ती रात्रभर जागी राहते.

सिनेमा एकटीने बघू नकोस. हॉस्टेलवरच्या तुझ्या दोघी मैत्रिणी अजून पुण्यातच आहेत, त्यांना आज फोन कर. आणि मसुद्याची झेरॉक्स मला पाठव.

तुझी,
मावशी