जिवाणूंची जनुके आणि संगणकाचे भाकीत

क्षयरोगाच्या जिवाणूच्या संपूर्ण जनुकीय लिपीचे वाचन 1998 मध्ये पूर्ण झाले. सुमारे 44 लाख अक्षरांच्या या मजकुरात चार हजारांच्या आसपास जनुके आढळली. परंतु अक्षरे वाचता आली म्हणजे अर्थ उमगला असे होत नाही. कोणती जनुके एकत्र कार्य करतात हे समजल्यावाचून जिवाणूचे वर्तन उलगडत नाही. या कामी संगणकाचे मोलाचे साहाय्य होत आहे.

एक कळ, अनेक दिवे

जनुक म्हणजे विशिष्ट प्रथिन घडविण्याची रासायनिक आज्ञा होय. जिवाणूंमध्ये शेजारशेजारची जनुके पुष्कळदा एकाच नियंत्रणाखाली असतात. एका कळीने अनेक दिवे लागावेत तशी ती एकदमच कार्यान्वित होतात. अशा गटास ‘ऑपेरॉन’ म्हणतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रांस्वा झाकॉब व झाक मॉनो यांनी ही कल्पना 1960-61 च्या सुमारास मांडली. आतड्यातील ई. कोलाय जिवाणूत दुग्धशर्करेच्या वापराशी निगडित तीन जनुकांचा असा गट आहे. 1965 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासमवेत मिळाले.

संगणक काय पाहतो?

प्रत्येक गट प्रयोगशाळेत तपासणे कष्टाचे व वेळखाऊ असते. म्हणून संगणक लिपीतील खुणा शोधतो. पहिली खूण दिशेची : एका गटातील जनुके एकाच दिशेने वाचली जातात. दुसरी अंतराची : त्यांच्यातील मोकळी जागा बहुधा अगदी थोडी असते, काही ठिकाणी तर एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभात मिसळतो. तिसरी सातत्याची : तीच जनुके दूरच्या नात्यातील जिवाणूंतही शेजारीच आढळली, तर तो निव्वळ योगायोग नसावा. प्रयोगांनी सिद्ध झालेल्या गटांशी या खुणा ताडून संगणक संभाव्यता वर्तवितो.

क्षयरोगाशी संबंध

या ज्ञानाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आयसोनियाझिड हे 1952 पासून वापरात असलेले क्षयरोगावरील प्रमुख औषध. जिवाणूच्या मेणचट आवरणासाठी आवश्यक असलेले ‘इनएचए’ जनुकाचे प्रथिन ते निकामी करते. या जनुकाच्या अगोदर ‘फॅबजी1’ हे जनुक असून दोहोंमध्ये अवघ्या 18 अक्षरांचे अंतर आहे, आणि त्यांची कळ एकच आहे. फॅबजी1 च्या आरंभापूर्वीच्या 15 व्या अक्षरात बदल झाला, की पाऊणशेहून नव्हे, तर सातशेहून अधिक अक्षरे पुढे असलेल्या इनएचएचे प्रथिनही वाढते आणि औषध तोकडे पडते. शेजाऱ्याच्या दारातील हा बिघाड गटाची माहिती नसती तर गौण वाटला असता. आयसोनियाझिडला दाद न देण्याचे हे एकमेव कारण नव्हे. तथापि भारताच्या क्षयरोग कार्यक्रमातील लाइन प्रोब चाचणीत ही जागाही तपासली जाते.

भाकिताची मर्यादा

संगणकाचे भाकीत म्हणजे सिद्धता नव्हे. परिस्थितीनुसार एकाच गटातील काही जनुके वेगळीही चालू होतात. म्हणून अंतिम निर्णय प्रयोगाचाच. मात्र हजारो जनुकांपैकी प्रयोग कोठून आरंभावा हे संगणक दाखवितो. रुग्णाला योग्य औषध वेळेवर मिळण्याच्या दृष्टीने हा वाचलेला वेळ अमोल आहे.