धारेला टाका, पाझराला सीलंट

महाधमनीच्या शस्त्रक्रियेत ग्राफ्ट शिवून झाला म्हणजे काम संपलं असं नसतं. क्लॅम्प काढला की टाक्यांच्या ओळीवर रक्त दिसू लागतं आणि सगळ्यांची नजर सीलंटच्या सिरिंजकडे जाते. तरुण सर्जनना माझं सांगणं असतं: सिरिंज मागण्याआधी रक्त येतंय कसं, ते बघा.

डिसेक्शनच्या एका केसमध्ये मला रात्री मदतीला बोलावलं होतं. ग्राफ्टच्या मागच्या बाजूला सीलंटचा जाड थर होता आणि त्याच्या कडेने रक्त येतच होतं. "सर, दुसरी सिरिंज उघडू का?" सिस्टरने विचारलं. मी थर चिमट्याने धरला, तर तो सालपटासारखा अख्खा सुटून आला. ओल्या भिंतीवर तो चिकटलाच नव्हता. खाली दोन टाक्यांच्या मधून बारीक धार उडत होती. पंपाचा फ्लो कमी करून, फेल्टचा तुकडा लावून प्रोलीनचा एक टाका घेतला आणि धार थांबली.

धार दिसली की टाकाच घ्यायचा. सुईच्या छिद्रांतून नुसता पाझर असेल, तर आधी रुग्णाचं तापमान, प्रोटॅमिननंतरचा एसीटी, कॅल्शियम, प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन बघा. थंड शरीरात रक्त नीट गोठत नाही. एवढं केल्यावर बराचसा पाझर दाबून धरलेल्या गॉजखालीच थांबतो. उरलेल्यासाठी सीलंट.

अल्ब्युमिन आणि ग्लुटारल्डिहाइडचं सीलंट मात्र ओल्या भिंतीवर नीट चिकटत नाही, म्हणून ते लावायची उत्तम वेळ क्लॅम्प काढण्याआधीची, जागा कोरडी असताना. व्हेंटचं सक्शन बंद करा, नाहीतर सुईच्या छिद्रांतून सीलंट आत ओढलं जाऊन गुठळीसारखं पुढे वाहून जाऊ शकतं. पहिले थेंब गॉजवर टाका, मग हात न थांबवता पातळ थर द्या. मध्येच थांबलात तर टोक बुजतं. ते अर्ध्या मिनिटात घट्ट होऊ लागतं, पण पूर्ण ताकद यायला 2 मिनिटं लागतात. तोवर हात लावू नका. फ्रेनिक नर्व्हपासून ते दूर ठेवा.

पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं सीलंट 24 तासांत चौपटीपर्यंत फुगू शकतं. दाबाला नाजूक असलेल्या भागाजवळ त्याचा थर पातळच हवा. फायब्रिन सीलंट गॅसच्या दाबाने फवारताना टोक फार जवळ नेऊ नका. रक्तवाहिनीत हवा शिरून जीव गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

ग्लुटारल्डिहाइडच्या सीलंटमधलं अल्ब्युमिन गाईच्या रक्तापासून बनतं. रुग्णाच्या श्रद्धेचा प्रश्न असू शकतो, म्हणून संमती घेतानाच ते स्पष्ट सांगा.

आणि ऑपरेशन नोटमध्ये कोणतं सीलंट, कुठे आणि किती लावलं, ते जरूर लिहा. काही वर्षांनी तीच छाती पुन्हा उघडावी लागली, तर त्या सर्जनला या एका ओळीचा मोठा आधार असतो.