फ्रेंच उच्चार आणि आपली जीभ

आपल्या बीड जिल्ह्यांतील कित्येक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठीं पुण्यास जातात. तेथें रानडे इन्स्टिट्यूटमध्यें विद्यापीठाचे फ्रेंच भाषेचे वर्ग भरतात. अशा वर्गांत बसतांना ‘आमची जीभ खेडवळ, तिला हे उच्चार कोठून साधणार?’ ही शंका आपल्या मुलांस घेरते. ती कितपत खरी, हें आपण पाहूं.

पहिली अडचण इंग्रजीच्या संवयीची. फ्रेंचांतील ‘त’ व ‘द’ मराठीसारखेच दंत्य आहेत. पण रोमन अक्षर दिसतांच आपण इंग्रजीप्रमाणें ‘ट’ व ‘ड’ म्हणतों. तसेंच शब्दाच्या शेवटचें व्यंजन बहुधा मुकें असतें. आपण ज्यास पॅरिस म्हणतों, त्यास तेथील लोक ‘पारी’ म्हणतात. येथें चूक डोळ्याची आहे.

दुसरी अडचण स्वरांची. एका स्वरासाठीं जीभ ‘ई’ची ठेवून ओठ ‘ऊ’चे करावे लागतात. आपण तेथें सरळ ‘ऊ’ म्हणतों. ‘वर’ आणि ‘खालीं’ या अर्थांचे दोन फ्रेंच शब्द केवळ या एका स्वरानें भिन्न आहेत. उच्चार चुकला कीं माडीवरचा मनुष्य तळघरांत जातो!

तिसरी अडचण नासिक्य स्वरांची. ‘अंबाजोगाई’ म्हणतांना अनुस्वाराचा ‘म्’ होतो, ‘संत’ म्हणतांना ‘न्’. फ्रेंचांत असें व्यंजन उमटूं न देतां स्वरच नाकांतून सोडावा लागतो. जुन्या मराठींतील ‘नांव’, ‘गांव’ यांवरील अनुस्वार मुळांत असाच उच्चार दर्शवीत असे.

राहिला ‘र’. आपला ‘र’ जिभेच्या शेंड्याचा, त्यांचा घशांतला. परंतु १९४८ पर्यंत निजामी राज्यांत असलेल्या आपल्या जिल्ह्यास उर्दू परकी नाहीं. शेजारचे चाचा ‘ग़रीब’ म्हणतात, तेव्हां त्यांतील घशांतून निघणारा ‘ग़’ नीट ऐकावा. फ्रेंच ‘र’ त्याच्या अगदीं जवळ आहे.

सारांश, भांडवल आपल्या घरीं व आळींत आहे. उणीव आहे ती धीराची, असें आम्हांस वाटतें. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, तेव्हां तिशीचे होते. तरी ते मराठी शिकले, आणि त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें.

विद्यार्थिमित्रहो, आरसा पुढें ठेवून रोज थोडा वेळ मोठ्यानें वाचा. आणि पालकांस विनंती कीं, घरांत मुलगा वा मुलगी विचित्र आवाज काढूं लागल्यास हंसूं नये. लेंकरूं शिकत आहे.