हरवलेला आंकडा

मोताळ्यास आमच्या शाळेच्या कचेरींत दाखल-खारीज रजिस्टराची नक्कल संगणकांत चार डिस्कांवर ठेविलेली असते. गेल्या पावसाळ्यांत त्यांतील एका डिस्कचा दिवा तांबडा झाला. डिस्क मेली, तरी मजकूर कसा राहतो, हें विद्यार्थ्यांस अंकगणितावरूनच समजेल.

समजा, तीन डिस्कांवर ४७, २९ व ६३ हे आंकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज १३९ मांडिली आहे. २९ ची डिस्क गेली, तर १३९ मधून ४७ व ६३ वजा करावे. गेलेला आंकडा हातीं येतो. यंत्र मात्र बेरीज मांडीत नाहीं. त्याची लिपि शून्य व एक ह्या दोनच अंकांची. म्हणून 'एक' किती वेळां आला, ती संख्या सम कीं विषम, एवढीच खूण तें जादा लिहून ठेवितें. गेलेल्या जागीं शून्य होतें कीं एक, हें त्या खुणेवरून ठरतें. ही खूण एकाच डिस्कवर न ठेवितां चारींवर आळीपाळीनें वांटलेली असते. अशा जुळणीस 'रेड' हें नांव बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ ह्या त्रयीच्या १९८८ सालच्या निबंधानें रूढ झालें.

पण दोन आंकडे गेले तर? एका बेरजेवरून दोन्ही सांपडत नाहींत. आणि आमच्याकडे नेमकें तेंच घडलें! घाईंत तांबड्या दिव्याची सोडून शेजारची चांगली डिस्क उपसली गेली. (उपसणारे आम्हीच, हें कबूल केलेलें बरें.) सारा मजकूर दिसेनासा झाला. नवी मांडणी करूं काय, असें यंत्र विचारीत होतें. होकार दिला असता तर त्या खुणाच पुसल्या जाण्याचें भय होतें. बुलढाण्याहून आलेल्या जाणत्या गृहस्थांनीं प्रथम यंत्र बंद केलें, डिस्कांवर क्रमांक घातले, प्रत्येक चांगल्या डिस्कची हुबेहूब प्रत काढिली आणि मग त्या प्रतींवरच तिघींची जुळणी बसविली. मजकूर आला; नवी डिस्क त्यानंतर.

तरीहि रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकीनें खोडलेलें नांव ती चारी डिस्कांवरून इमानानें खोडते, आणि आग तर चारींनाहि एकदम नेते. २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयाला आग लागली, तेव्हां वरच्या मजल्यांवरील पुष्कळ फाइली जळाल्या. अशा वेळीं ज्या कागदाची प्रत अन्यत्र असेल, तोच पुन्हां उभा करितां येतो. जन्मतारखेच्या दाखल्यासाठीं पालकांस याच रजिस्टराकडे यावें लागतें. म्हणून आतां दर शनिवारीं त्याची एक प्रत मलकापुरास पाठविली जाते.