त्रास रोख, गुण उधार

मुक्ता : आत्या, वरच्या मजल्यावरच्या काकांनी डिप्रेशनच्या गोळ्या दहा दिवसांत सोडल्या म्हणे. इतका निष्काळजीपणा?

आत्या : दहा दिवसांत त्यांच्या पदरात काय पडलं, ते बघ. मळमळ, जड डोकं, उडालेली झोप. बरं वाटायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. त्रास रोख, गुण उधार! हे आधी कोणी सांगितलंच नसेल, तर माणूस म्हणणारच की औषध लागू पडत नाही.

मुक्ता : नुसतं सांगून भागतं?

आत्या : पुष्कळसं. अमेरिकेत सिएटलकडच्या एका अभ्यासात २८ टक्के रुग्णांनी पहिल्याच महिन्यात गोळ्या थांबवल्या होत्या, तिसऱ्या महिन्यापर्यंत ४४ टक्क्यांनी. १९९५ साली छापून आलाय तो. रोज घ्या, गुण यायला वेळ लागेल, बरं वाटलं तरी विचारल्याशिवाय सोडू नका, शंका आली तर काय करायचं, एवढं ज्यांना डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं, ते पहिल्या महिन्यात जास्त टिकले.

मुक्ता : पण बाहेर चाळीस जणांची रांग असताना डॉक्टर बोलणार कधी?

आत्या : म्हणूनच मला गोव्याचं काम आवडतं. ‘संगत’ संस्थेने मानसोपचारतज्ज्ञांची वाट न बघता साध्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांसाठी त्यांना नेमलं. सहा ते आठ बैठका. भर कशावर, तर सुटलेली छोटी कामं पुन्हा धरण्यावर. सकाळी फिरणं, बहिणीला फोन, अंगणातली झाडं. केंद्रात येणं जमलं नाही तर समुपदेशक घरी जायचा.

मुक्ता : टिकले लोक?

आत्या : २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे रुग्ण होते, तरी ६९ टक्क्यांनी उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण केले. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के.

मुक्ता : म्हणजे गोळ्या नकोतच?

आत्या : असं कुठं म्हणाले मी? कित्येकांना त्या लागतातच. पण गोळी लिहून दिली की उपचार झाला, हे मला पटत नाही. मधुमेहाच्या माणसाला आपण येता-जाता ‘साखर किती आली?’ विचारतो. नैराश्याच्या माणसाला कोण विचारतं? उलट घरातलीच म्हणतात, ‘कसल्या गोळ्या घेता, सवय लागेल.’ या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. फक्त त्या एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात.

मुक्ता : मग मी काकांना काय सांगू?

आत्या : सांगू नकोस, विचार. गोळी घेतल्यावर नेमकं काय व्हायचं? ते कागदावर लिही आणि तो कागद घेऊन त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. औषध बदलता येतं, मात्राही बदलता येते. जगणं नकोसं झालंय असं काही बोलले, तर मात्र त्याच दिवशी ने.

मुक्ता : आणि बोललेच नाहीत तर?

आत्या : चहा घे त्यांच्याबरोबर. परवा परत जा.